पेज, मोह आणि लाखोळी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इंग्रजीतला एक शब्द अलीकडे फार चालतो : कम्फर्ट फूड. जे खाल्लं की जिवाला बरं वाटतं, ताप उतरल्यावर पहिल्यांदा जे मागावंसं वाटतं, परगावाहून थकून आल्यावर नुसतं ताटात दिसलं तरी अर्धा शीण जातो, ते. मराठीत याला नेमका एक शब्द नाही, आणि नाही याचं मला वाईटही वाटत नाही. कोकणातला माणूस मऊ भात म्हणेल, देशावरचा पिठलं-भाकरी म्हणेल. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा माणूस पेज म्हणेल, आंबील म्हणेल. गोंड-माडियांच्या घरात जन्मला असेल तर जावा म्हणेल. तांदळाच्या नाहीतर कोदो-कुटकीच्या कण्या भरपूर पाण्यात सैल शिजवायच्या आणि भांडंभर प्यायच्या. रानात कामाला जाताना तीच जावा वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून न्यायची. तहानही भागते आणि भूकही.

मित्रहो, आज हा विषय घेण्याचं कारण असं की येत्या शनिवारी मला एका जेवणाचं आमंत्रण आहे. ताडोबाच्या अंगाला एक उंची रिसॉर्ट आहे. नाव सांगत नाही, उगाच जाहिरात व्हायची. तिथला आचारी, त्याला शेफ म्हणायचं, 'जंगलातलं कम्फर्ट फूड' या विषयावर एक संध्याकाळ करतो आहे. आठ पदार्थ, प्रत्येकाचे दोन-तीन घास, आणि प्रत्येक घासाबरोबर थोडी माहिती. पाहुणे मुंबई-पुण्याचे, काही परदेशी, वाघ बघायला आलेले. मला बोलावलंय ते मधल्या वेळात चार कविता वाचायला, म्हणून माझं ताट फुकट. इतरांनी मोजायची रक्कम मी कार्डावर वाचली आणि कार्ड उलटं ठेवलं.

पण खरं सांगतो, मी त्या संध्याकाळची वाट पाहतो आहे. आठांतले काही पदार्थ तुम्हीही ऐका. कोदोची जावा आणि तिच्यावर भाजलेल्या जवसाची भुकटी. वास्त्यांचं, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांचं लोणचं. पावसाळ्यात वाळवून ठेवलेल्या सात्यांचं सार. सात्या म्हणजे आमच्याकडची रानातली अळिंबी, तिची चव ज्यानं घेतली त्याला हॉटेलातलं मशरूम म्हणजे ओला कागद वाटतो. लाखोळीच्या डाळीचे वडे. नव्या एचएमटी तांदळाचा मऊ भात, वर जवसाच्या तेलाची धार. आणि शेवटी मोहफुलं दुधात शिजवून केलेली खीर.

हे वाचून तोंडाला पाणी सुटलं. मग मात्र दुसरंच काहीतरी आठवलं. मी इतिहास घेऊन बी.ए. केलं, पुढे त्या पदवीचा पोटापाण्याला उपयोग झाला नाही, पण जुने कागद वाचायची खोड लागली ती लागलीच. ही यादी मी पूर्वी वाचली होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सरकारी कागदांत तिचं शीर्षक वेगळं होतं. दुष्काळात लोक काय खाऊन जगले, याची ती यादी होती.

आमचा हा मुलूख आधी गोंड राजांचा, मग १७५१ पासून नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघूजी वारल्यावर १८५४ साली नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला. तेव्हाचा चांदा जिल्हा केवढा होता ते आज चटकन ध्यानात येत नाही, कारण १९८२ साली त्यातून गडचिरोली वेगळा झाला. या सगळ्या मुलखाचं पोट धानावर आणि जंगलावर. धान तलावाच्या पाण्यावर. तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्यानं भिजेल तेवढी जमीन मिळेल, असा हुकूम एका गोंड राजानं काढल्याची कथा आमच्याकडे अजून सांगतात. कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले तलाव आजही पाणी देतात. राजा आणि पाणी यांचा हा हिशेब मला फार शहाणपणाचा वाटतो.

पण पाऊसच आला नाही तर तलाव तरी काय करणार? १८९६-९७ मध्ये दुष्काळ पडला. लोक त्यातून उठतात न उठतात तोच १८९९-१९०० चा पडला. संवत १९५६ चा, म्हणून उत्तरेकडे त्याला छप्पनिया म्हणतात. १८९१ च्या जनगणनेत चांदा जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास ७ लाख होती. १९०१ च्या जनगणनेत ती ६ लाखांवर आली. लोकसंख्या वाढायची ती दहा वर्षांत लाखाच्या आसपास घटली. सगळेच काही उपासमारीनं गेले नाहीत. पटकी आली, ताप आले, काही परागंदा झाले. पण रिकाम्या पोटाच्या माणसाला ताप पुरा पडतो.

जे जगले ते मोठ्या प्रमाणात जंगलावर जगले. कंद, कोंब, पाला, बिया आणि सगळ्यांत वर मोहाची फुलं. गंमत बघा, १८७८ च्या वन कायद्यानं जंगलं राखीव करून याच लोकांना बाहेर काढायला सुरुवात झाली होती. दुष्काळ पडला की खाण्याजोगं वनोपज गोळा करायला तीच जंगलं मोकळी करायची. दुष्काळ सरला की पुन्हा कुंपण. म्हणजे सरकारलाही ठाऊक होतं की ताट कुठे वाढलेलं आहे.

मोहाबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण आमच्या भागात मोहाला टाळून काही बोलताच येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पानगळ झालेल्या झाडाला पिवळसर पांढरी, मांसल फुलं धरतात आणि पहाटे गळतात. टपटप असा आवाज होतो. बाया अंधारात टोपल्या घेऊन निघतात आणि ऊन चढायच्या आत फुलं वेचून घेतात. अस्वलालाही मोह फार आवडतो, तेही त्याच वेळी येतं. फुलं अंगणात वाळवली की तपकिरी होतात, बेदाण्यासारखी दिसतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असते. ज्या घरात गूळ विकत आणायला पैसा नाही, त्या घरात झाडानं फुकट टाकलेली साखर म्हणजे काय, ते ज्यानं त्यानं आपल्या मनाशी समजून घ्यावं. शेतीसाठी जंगल तोडणारा माणूसही मोहाच्या झाडाला कुऱ्हाड लावत नसे. आजही धानाच्या बांधीत, धुऱ्यावर एकटाच उभा असलेला मोह दिसतो तो त्यामुळे.

माझी दादी छप्पनच्या काळात जन्मलेली नव्हती, पण तिची आई त्यातून गेलेली होती. दादी सांगायची, 'उस साल मोहने पाला, बेटा.' तिच्या आईनं भाजलेला मोह आणि जवस उखळात कुटून त्याचे लाडू करून ठेवले होते आणि ते लाडू मोजून देत असे, मोठ्याला एक, लहानाला अर्धा. दादी स्वतः ईदच्या शीरखुर्म्यात मनुक्यांबरोबर मूठभर भाजलेला मोह टाकायची. नातलगांत त्यावर हसत असत. नागपूरहून आलेली माझी एक फुफी तर वाटीतून मोह वेचून बाजूला काढायची. दादी म्हणायची, काढ काढ, तुझ्या आजीनं तो चाटूनपुसून खाल्ला म्हणून तू आज नखरे करते आहेस.

माझे आजोबा मूलच्या बाजारातले छोटे व्यापारी. गावोगावच्या आठवडी बाजारात जाऊन मोह, हिरडा, लाख, चारोळी घ्यायचे. त्या काळी मिठाच्या बदल्यात चारोळी घ्यायची रीत होती, मापाला माप. मीठ किती स्वस्त आणि चारोळी किती महाग, हे बाजारातल्या प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत होतं. चारोळी आणणाऱ्या बाईला माहीत नव्हतं. आजोबांचं दुकान याच मापावर उभं राहिलं आणि त्याच दुकानावर आमच्या घरातली मुलं शिकली. शनिवारच्या जेवणात खिरीवर चार दाणे चारोळीचे असणार, तेव्हा हे मला आठवणार आहे.

मोहाचं दुर्दैव असं की कायद्यानं त्याला कधी अन्न म्हणून पाहिलंच नाही. इंग्रजांच्या अबकारी खात्याला त्यात महसूल दिसला, म्हणून घरची भट्टी गुन्हा झाली आणि ठेकेदाराची भट्टी कायदेशीर. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांचं नाव स्वतंत्रपणे घेतलेलं आहे. घरात किती मोह ठेवायचा, कुठे न्यायचा, यावर बंधनं. दारू वाईट नाही असं मला म्हणायचं नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती बायांच्या आणि कार्यकर्त्यांच्या मोठ्या लढ्यातून आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली, त्यावर अजून वाद चालतात. माझं म्हणणं एवढंच की द्राक्षापासून दारू होते म्हणून नाशिकच्या शेतकऱ्याच्या घरातले बेदाणे कुणी मोजले नाहीत. राज्य शासनानं मोहफुलांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध शिथिल केले ते २०२१ साली. तेव्हापासून मोहाचे लाडू, मोहाचं सरबत, मोहाचा जाम उजळ माथ्यानं दुकानात दिसू लागला. शनिवारची खीरही त्याच वाटेनं आलेली आहे.

आता लाखोळी. कार्डावर लाखोळीचे वडे वाचून मी दचकलो होतो, आणि सर्वांत जास्त उत्सुकताही त्याच पदार्थाची आहे. विदर्भाबाहेरच्या वाचकांना ही डाळ माहीत नसेल. धान कापणीला येण्याआधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात लाखोळीचं बी फेकतात. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही. धान कापलं जातं आणि खालून लाखोळी वर येते. निळी-जांभळी फुलं येतात. कोवळ्या पाल्याची भाजी होते, ती वाळवूनही ठेवतात. पाऊस दगा देवो, बाकी सगळं जळो, लाखोळी उभी राहते. म्हणून ती गरिबाची डाळ.

आणि म्हणूनच ती बदनाम. या डाळीत एक विषारी द्रव्य असतं. इतर अन्नाबरोबर, अधूनमधून खाल्ली तर सहसा काही होत नाही. पण महिनोन्महिने दुसरं काही न मिळता तीच खावी लागली तर पायांतली शक्ती जाते. माणूस आधी काठी घेतो, मग दोन काठ्या, मग बसूनच सरकतो. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या स्लीमननं १८४४ सालच्या आपल्या प्रवासवर्णनात नर्मदेच्या मुलखातल्या अशा पांगळ्या झालेल्या गावकऱ्यांची हकीकत लिहून ठेवली आहे. तिथेही आधी पिकं बुडाली होती आणि शेतात फक्त लाखोळी तगली होती. पुढे विसाव्या शतकात रेवा भागातल्या वेठबिगारांत हा आजार पुन्हा मोठ्या प्रमाणात दिसला. मालक मजुरी म्हणून लाखोळीच मोजून देत होता. ज्याच्या घरात गहू होता, तूप होतं, तोही कधी तिची डाळ खात असे. त्याला काही झालं नाही.

१९६१ साली केंद्र सरकारनं लाखोळीच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्या राज्यानं ती पाळली. पण शेतातली लाखोळी काही गेली नाही. ती घरात खाल्ली जात राहिली आणि बाजारात चोरून, हरभऱ्याच्या नाहीतर तुरीच्या डाळीत मिसळून विकली जात राहिली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं आंदोलनं केली, उपोषणं केली. मधल्या काळात शास्त्रज्ञांनी विषारी द्रव्य कमी असलेली 'रतन', 'प्रतीक' अशी वाणं काढली. डाळ भिजवून, उकळून, वरचं पाणी फेकून दिलं की दोष पुष्कळ कमी होतो, हे आमच्या बायांना आधीपासूनच ठाऊक होतं. २००८ मध्ये महाराष्ट्रानं बंदी उठवली.

या बंदीच्या बाजूनं आणि विरुद्ध पुष्कळ वाचल्यावर माझं मत असं झालं आहे की दोष डाळीचा थोडा आणि ताटाचा जास्त होता. ताटात दुसरं काहीच नसणं हा खरा आजार. हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. उत्तर इटलीत मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं करतात, त्याला पोलेंटा म्हणतात. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात तिथला शेतमजूर सकाळ-संध्याकाळ तेवढंच खात असे. त्यातून कातडी खरखरीत होऊन सोलायची, जुलाब लागायचे, शेवटी वेड लागायचं. १७७१ साली फ्रापोली नावाच्या इटालियन डॉक्टरनं या आजाराला पेलाग्रा हे नाव दिलं. आज मुंबईतल्या इटालियन हॉटेलात पोलेंटा मागवा, वर चीज आणि अळिंबी घालून देतील आणि मेनूत त्याच्यापुढे कम्फर्ट फूड असंच लिहिलेलं असेल. पोलेंटा तोच आहे. बाजूला चीज आलं, भाजी आली, आणि पेलाग्रा गेला.

शेफला मी फोनवर विचारलं, लाखोळीचं वरचं पाणी फेकता ना? तो हसला. म्हणाला, काका, तीनदा. मला तो पोरगा तिथेच आवडला.

वास्ते, जवस, सात्या यांच्याबद्दलही बोलता येईल, पण वेळ थोडा आहे. एवढंच सांगतो की गडचिरोलीतल्या बायांचं झाडापानांशी काय नातं आहे हे ज्यांना वाचायचं असेल त्यांनी डॉ. राणी बंग यांचं 'गोईण' हे पुस्तक मिळवावं. लाल मुंग्यांची चटणी मात्र शनिवारच्या यादीत नाही. पाहुणे घाबरतील असं शेफला वाटलं असावं. खरं तर गॉर्डन रॅम्से नावाच्या जगप्रसिद्ध ब्रिटिश शेफनं शेजारच्या बस्तरात येऊन ती टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर खाल्ली होती आणि ओडिशातल्या सिमिलीपालच्या चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भामरागडचा माडिया हे दोन्ही न कळता ती खात आला आहे.

तांदळाकडे येतो. एचएमटीचा मऊ भात हा आठांतला सर्वांत साधा पदार्थ, आणि त्याच्यामागे असलेला माणूस आमच्याच जिल्ह्यातला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली त्यांना आपल्या शेतात पटेल-३ जातीच्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, दाणा बारीक, रंग पिवळसर. दुसऱ्या कुणी त्या इतरांबरोबर कापून टाकल्या असत्या. दादाजींनी त्या बाजूला काढून पिशवीत ठेवल्या आणि पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, रानडुकरं येऊ नयेत म्हणून भोवती काट्यांचं कुंपण केलं. वर्षामागून वर्ष निवडत गेले. भात मऊ, बारीक, वासाचा, आणि उताराही चांगला. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी बी नेलं. तळोधीच्या बाजारात हा धान पोचला तेव्हा त्याला नाव नव्हतं. तेव्हा एचएमटीचं घड्याळ मनगटावर असणं ही प्रतिष्ठा होती, म्हणून व्यापाऱ्यानं धानाला तेच नाव देऊन टाकलं. तो कारखाना घड्याळं करायचा २०१६ मध्ये बंद झाला. धान अजून लावला जातो, महाराष्ट्राबाहेरही लावला जातो.

दादाजींनी पुढे आणखीही वाणं काढली. एकाला त्यांच्या नावाची आद्याक्षरं मिळाली, डीआरके. १९९८ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं 'पीकेव्ही एचएमटी' या नावानं वाण प्रसारित केलं. ते मूळचं आपलं बियाणं, ही दादाजींची तक्रार शेवटपर्यंत राहिली. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, २०१० मध्ये 'फोर्ब्स'नं त्यांना ग्रामीण उद्योजकांच्या यादीत घेतलं. एवढं सगळं होऊनही घरची ओढाताण संपली नाही. ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यात शोधग्राम इथे, उपचार चालू असताना, ते गेले. ज्या तांदळाचा भात किती घरांत रोज शिजतो याची मोजदाद नाही, त्या तांदळाच्या माणसाचं हे.

उंची जेवणात आपलं धान्य जाण्याचा मी विरोधक नाही. भारताच्या पुढाकारानं २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं गेलं. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला दिल्लीत जी-२० च्या पाहुण्यांना रात्रीचं जेवण दिलं, त्यात राळा होता, कुटकीचा कुरकुरीत तुकडा होता, वरईची खीर होती आणि खिरीबरोबर आपला आंबेमोहोरही होता. मला ते वाचून आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. ज्या कोदो-कुटकीला आमच्या शाळेतली मुलं डब्यात लपवत असत, ते राष्ट्राध्यक्षांच्या ताटात गेलं. आपल्या कृषी विभागानंही २०२० पासून ऑगस्टमध्ये, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, रानभाजी महोत्सव सुरू केले. चंद्रपूर-गडचिरोलीतही ते भरतात. तरोटा, धोपा, कुड्याची फुलं, काटवलं घेऊन बाया येतात, शहरातले लोक विचारून विचारून नेतात. त्या विचारण्यात कुतूहल असतं आणि भावही चांगला मिळतो.

पण भाव मिळतो म्हणजे कुणाला मिळतो, हे तपासायला हवं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये आपला बांबू आपणच विकण्याचा परवानाही त्या गावाच्या हाती आला. त्यानंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा तेंदू आणि बांबूचे व्यवहार स्वतः करू लागल्या. आजोबांच्या काळातलं मिठाचं माप आता तिथे चालत नाही. चंद्रपूरच्या बाजूला चित्र इतकं सरळ नाही. इथे वाघ वाढले. वाघांमुळे रिसॉर्टं आली, रिसॉर्टांमुळे हे जेवण आलं; आणि वाघांमुळेच मोह वेचणं, तेंदूपानं तोडणं जिवावरचं काम झालं. २०२५ च्या १० मे रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी, एकाच जंगलात वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. त्या वर्षी हे पहिल्यांदा घडलं नव्हतं आणि शेवटचंही नव्हतं. पहाटे फुलं गळतात तीच वाघाची फिरायची वेळ. झाडाखाली वाकलेली बाई वाघाला माणसासारखी दिसत नाही, असं वनखात्याचे लोक सांगतात.

मोह कुठून घेतलात, हेही मी शेफला विचारलं होतं. त्यानं गावाचं नाव सांगितलं, रिसॉर्टपासून सात-आठ किलोमीटरवरचं. तिथल्या बचत गटातल्या पाच बायांकडून, थेट, व्यापारी मध्ये न घेता. भाव विचारला, तो बाजारापेक्षा बरा होता. मग मी म्हटलं, तुमच्या कार्डावर प्रत्येक पदार्थापुढे माहिती आहे, किती कॅलरी आहेत तेही आहे. या गावाचं नाव का नाही? आणि दादाजींचं? तो म्हणाला, काका, सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं सुधारलेलं कार्ड पाठवलं. भातापुढे दादाजींचं नाव आहे, खिरीपुढे गावाचं.

त्या पाच जणींना जेवायला बोलावणार का, असं मी विचारलं तेव्हा तो थोडा थांबला. मालकाला विचारून सांगतो म्हणाला. मालक हो म्हणाला. निरोप घेऊन माणूस गावात गेला तर बाया म्हणाल्या, मोहाची खीर आम्ही घरीही खातो, पण तुमचे लोक ती कशी खातात ते बघायला येऊ. फक्त जेवण रात्री आहे आणि आम्ही पायी येणार नाही. गाडी पाठवा, आणि परत सोडायलाही गाडीच द्या, नाल्याजवळ वाघीण बच्चे घेऊन आहे.

गाडीची सोय झाली आहे. मी शनिवारी त्याच गाडीनं जाणार आहे.